चीनचा अवघड शेजारी



आज मी आपणांस आशियाच्या ईशान्य कोपऱ्यांत नेणार आहें. समोर नकाशा असेल तर फारच बरें. नसेल तर डोळ्यांपुढें इतकेंच आणावें कीं चीनच्या ईशान्येस एक द्वीपकल्प समुद्रांत उतरलेलें आहे, तें कोरिया. हें द्वीपकल्प मुख्य भूमीला जेथें जोडलेलें आहे तेथें पेकटू नांवाचा ज्वालामुखी पर्वत आहे व त्याच्या माथ्यावर एक सरोवर आहे. या पर्वताच्या परिसरांत उगम पावून यालू नदी पश्चिमेकडे वाहते आणि तूमेन पूर्वेकडे. या दोन नद्या व तें सरोवर मिळून चीन आणि उत्तर कोरिया यांची सुमारें १४०० किलोमीटर लांबीची सरहद्द होते. सरोवराचीसुद्धां १९६२ सालच्या करारानें वांटणी झाली, आणि त्यांत अर्ध्याहून थोडा अधिक भाग धाकट्या शेजाऱ्याकडे गेला. बलाढ्य राष्ट्रानें दुबळ्याशीं वांटणी करतांना आपणाकडे लहान वांटा घ्यावा, ही इतिहासांत वारंवार आढळणारी गोष्ट नव्हे. माझ्या आजच्या विषयाचें बीज तींत आहे.

यालूच्या मुखाजवळ चीनच्या तीरावर दांदोंग हें शहर आहे, समोर सिनुइजू. रात्र पडली कीं दांदोंगच्या उंच इमारती दिव्यांनीं झगमगूं लागतात, आणि पलीकडे काळोखांत तुरळक दिवे तेवढे दिसतात. मध्यें दोन पूल आहेत. त्यांतला एक अर्धाच आहे. तो १९५० सालीं अमेरिकन विमानांनीं तोडला, आणि चीननें आपल्या बाजूचा उरलेला भाग तसाच जपून ठेवला आहे. दुसऱ्यावरून आगगाड्या आणि मालमोटारी जातात; उत्तर कोरियाच्या एकंदर व्यापाराचा मोठा हिस्सा या एका अरुंद पुलावरून होत आलेला आहे. तेथून थोडें खालच्या अंगाला चीननें स्वतःच्या खर्चानें एक प्रशस्त नवा पूल उभारला. त्याचें मुख्य काम २०१४ च्या सुमारास पुरें झालें. परंतु कोरियाच्या बाजूचें त्याचें टोंक शेतांत जाऊन थांबलें होतें, आणि तो वर्षानुवर्षें वापरावांचून उभा राहिला. देणाऱ्यानें पूल दिला, घेणाऱ्यानें रस्ता दिला नाहीं!

आतां दोन्ही देशांचें बळ पाहूं. चीनची लोकसंख्या १४० कोटि. उत्तर कोरियाची सुमारें २ कोटि ६० लाख. उत्तर कोरियाचा परदेशांशीं जो कांहीं व्यापार चालतो त्यांतला शेंकडा नव्वदांहून अधिक एकट्या चीनशीं चालतो. तेल चीनमधून, धान्याची तूट भरून निघते ती बहुतेक चीनमधून, कापड, यंत्रें, औषधें हींही तिकडूनच. असा शेजारी शब्दाबाहेर जाणार नाहीं असें कोणासही वाटेल. प्रत्यक्षांत त्यानें २००६ ते २०१७ या काळांत सहा अणुस्फोट केले, आणि ते सर्व चीनच्या उघड इच्छेविरुद्ध. असें कां घडावें, हा आपल्यापुढील प्रश्न आहे.

चिनी भाषेंत एक फार जुनी म्हण आहे: ओठ गेले कीं दांतांना थंडी वाजते. कोरियाचा विषय निघाला कीं चिनी मुत्सद्दी हीच म्हण सांगत आले, आणि त्यांच्या इतिहासाकडे पाहतां ती पोकळ वाटत नाहीं. १५९२ सालीं जपानचा सत्ताधीश हिदेयोशी यानें कोरियावर स्वारी केली ती कोरियाच्या वाटेनें मिंग साम्राज्यावर चालून जाण्यासाठीं; मिंग बादशहाला आपली फौज कोरियांत धाडणें भाग पडलें. १८९४ सालीं चीन व जपान यांचें युद्ध जुंपलें तें कोरियावरूनच, आणि त्यांत चीनची दुर्दशा झाली. १९१० सालीं जपाननें कोरिया गिळला. १९३१ सालीं मांचुरियावर झडप घातली तेव्हां कोरियांतील जपानी फौज सरहद्द ओलांडून मदतीस गेली. म्हणून कोरिया म्हणजे आपल्या घराचें दार, आणि दारांत कोण उभें आहे याची चौकशी आपण केलीच पाहिजे, ही समजूत चीनमध्यें बादशहांच्या राज्यांतही होती आणि साम्यवाद्यांच्या राज्यांतही टिकली.

१९५० सालीं या समजुतीची कसोटी लागली. २५ जून रोजीं उत्तर कोरियाच्या फौजा ३८ वा अक्षांश ओलांडून दक्षिणेंत घुसल्या. सप्टेंबरांत जनरल मॅकार्थर यांनीं इंचॉन येथें सैन्य उतरवून पारडें फिरवलें, आणि अमेरिकन फौज उलट अक्षांश ओलांडून यालूकडे येणार अशीं चिन्हें दिसूं लागलीं. चीनचें नवें सरकार आणि अमेरिका यांच्यांत त्या वेळीं बोलणेंच नव्हतें. मग २ ऑक्टोबरच्या मध्यरात्रीनंतर पंतप्रधान चौ एन-लाय यांनीं भारताचे तेथील राजदूत सरदार के. एम. पणिक्कर यांना झोंपेंतून उठवून बोलावून घेतलें, आणि अमेरिकन सैन्य अक्षांश ओलांडून आलें तर चीन युद्धांत उतरेल, असें त्यांस स्पष्ट सांगितलें. दिल्लीनें हा निरोप पोंचता केला. वॉशिंग्टनमध्यें मात्र ती पोकळ धमकी ठरवण्यांत आली, आणि पणिक्कर हे चीनकडे झुकलेले गृहस्थ आहेत, त्यांच्या सांगण्यावर कितपत विसंबावें, अशीही शंका काढली गेली. त्याच महिन्यांत पेंग दहुआय यांच्या हाताखालीं लक्षावधि चिनी ‘स्वयंसेवक’ यालू उतरून गेले. आपल्या देशानें या प्रकरणांत निरोप्याचें काम चोख केलें होतें, हें येथें सांगून ठेवतों. निरोप न ऐकणाऱ्यांना त्याची किंमत पुढें तीन वर्षें मोजावी लागली.

चीनलाही ती मोजावी लागली. त्याच्या सरकारी आंकड्यांप्रमाणें या युद्धांत सुमारें १ लाख ९७ हजार चिनी कामास आले. त्यांत माओ त्से-तुंग यांचा थोरला मुलगा होता. २५ नोव्हेंबर १९५० रोजीं विमानहल्ल्यांत तो मारला गेला, आणि त्याची कबर उत्तर कोरियांतच आहे. ‘रक्तानें जोडलेली मैत्री’ असें या संबंधाचें वर्णन दोन्ही सरकारें करतात तें यामुळें.

परंतु उपकाराचें ओझें ज्याच्या डोक्यावर असतें त्याला उपकारकर्ता फार वेळ समोर नको असतो. किम इल-सुंग यांचें राजकारण या दृष्टीनें अभ्यास करण्याजोगें आहे. १९५६ सालीं त्यांच्याच पक्षांतील कांहीं पुढाऱ्यांनीं, ज्यांत चीनमध्यें राहून आलेले जुने कार्यकर्ते होते व रशियांतून आलेलेही होते, त्यांच्यावर टीका करण्याचें धाडस केलें. किमनीं त्यांना पक्षांतून काढून टाकण्यास आरंभ करतांच मॉस्कोहून मिकोयान आणि बीजिंगहून पेंग दहुआय असे दोघे समजूत घालण्यास धांवले. किमनीं मान डोलावली, काढलेल्यांना परत घेतलें, आणि पाहुण्यांची पाठ फिरल्यावर थोड्याच काळांत त्या सर्वांचा बंदोबस्त केला. लक्षांत घ्या, या वेळीं चिनी सैन्य अजून कोरियाच्या भूमीवरच होतें. तें १९५८ सालीं परतलें. फौज घरांत असतांना जें चीनला साधलें नाहीं तें पुढें दुरून कसें साधावें?

पुढें रशिया आणि चीन यांचें बिनसलें, आणि किमनीं त्या भांडणाचें सोनें केलें. ६ जुलै १९६१ रोजीं त्यांनीं मॉस्कोशीं परस्परसाहाय्याचा तह केला आणि पांचच दिवसांनीं, ११ जुलै रोजीं, चीनशीं. दोन सावकारांना एकमेकांचा मत्सर वाटत असला कीं ऋणको सुखांत असतो. चीनशीं झालेला तह आजही चालू आहे. तो दर वीस वर्षांनीं पुढें चालवला जातो, आणि २०२१ सालीं तो पुन्हां वाढवला गेला. एकावर स्वारी झाली तर दुसऱ्यानें लष्करी मदत करावी असें बंधन घालणारा चीनचा असा हा एकमेव तह आहे.

१९९० नंतर हें सुख संपलें. रशियाचें साम्राज्य विसकटलें, आणि तेथून स्वस्त येणारें तेल रोख पैशांवांचून मिळेनासें झालें. २४ ऑगस्ट १९९२ रोजीं चीननेंही दक्षिण कोरियाशीं राजनैतिक संबंध जोडले. उत्तरेला हा विश्वासघात वाटला. १९९४ च्या जुलैंत किम इल-सुंग वारले व सत्ता त्यांचे चिरंजीव किम जोंग-इल यांच्याकडे गेली. तेलावांचून खतांचे कारखाने थंडावले, विजेवांचून पाण्याचे पंप बंद पडले, १९९५ सालीं महापूर आले, आणि सरकारी शिध्यावर जगणाऱ्या शहरांतून शिधा मिळणें बंद झालें. त्या दुष्काळांत किती माणसें मेलीं याचे अंदाज सहा लाखांपासून वीस लाखांपर्यंत आहेत. आंकड्यांतील हें अंतरच त्या राज्याच्या कोंडलेपणाची साक्ष आहे.

त्या वर्षांत माणसें तूमेन नदी ओलांडून चीनमध्यें येऊं लागलीं. ही नदी वरच्या अंगाला उथळ आहे, आणि हिंवाळ्यांत गोठते तेव्हां पायींच उतरतां येते. पलीकडे यानब्येन या चिनी प्रांतभागांत कोरियन भाषा बोलणारी मोठी वस्ती आहे. तिनें पुष्कळांना घरांत घेतलें, जेवूं घातलें. परंतु चीनच्या सरकारनें या लोकांना निर्वासित मानण्यास साफ नकार दिला. ते पोटासाठीं बेकायदा आलेले लोक आहेत, असें त्याचें म्हणणें. चीननें १९८२ सालीं निर्वासितांविषयींच्या आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली आहे. पण उत्तर कोरियाशीं १९८६ सालीं केलेल्या सरहद्दीच्या करारान्वयें तो सांपडलेल्यांना परत धाडतो. परत गेलेल्यांची वाट छळछावणीकडे जाते. ओलांडून येणाऱ्यांत पुढें बायकांचें प्रमाण फार वाढलें; त्यांतल्या अनेक जणी दलालांच्या हातीं सांपडून खेड्यांतल्या शेतकऱ्यांना बायको म्हणून विकल्या गेल्या, आणि त्यांच्या मुलांना कित्येक ठिकाणीं जन्माची नोंदसुद्धां मिळाली नाहीं. २०१४ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी समितीनें हें सर्व साक्षीपुराव्यांनिशीं नोंदलें, आणि अशा लोकांना परत धाडणारे अधिकारी मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांस हातभार लावणारे ठरूं शकतील असा लेखी इशारा चीनला दिला. चीननें तो झिडकारला. दक्षिण कोरियांत पोंचलेल्या उत्तरेच्या लोकांची संख्या ३४ हजारांच्या घरांत आहे. त्यांतले बहुतेक चीनमधून लपतछपत, आग्नेय आशियाच्या वाटेनें गेलेले आहेत.

चीननें इतकें कठोर कां व्हावें? येथें आपण मुद्याशीं येतों. १९८९ सालीं हंगेरीनें आपली सरहद्द उघडली, पूर्व जर्मनीचे लोक त्या वाटेनें बाहेर पडूं लागले, आणि सुमारें वर्षभरांत पूर्व जर्मनीचें राज्य नाहींसें झालें. हें बीजिंगमध्यें कोणी विसरलेलें नाहीं. उत्तर कोरिया कोसळला तर लक्षावधि भुकेलीं माणसें नदी उतरून येतील; त्याची अण्वस्त्रें कोणाच्या हातीं पडतील याचा भरंवसा राहणार नाहीं; आणि दक्षिण कोरियांत जी सुमारें २८ हजार अमेरिकन फौज आहे ती उद्यां एकवटलेल्या कोरियाची पाहुणी म्हणून यालूच्या कांठीं येऊन उभी राहील. या तीन भयांपुढें शेजाऱ्याचे अणुबाँब चीनला कमी वाईट वाटतात. म्हणजे चीनच्या हातीं जें सर्वांत मोठें हत्यार आहे तें उगारतां येतें, पण पुरें मारतां येत नाहीं. दांदोंगजवळून एक तेलवाहिनी यालूखालून पलीकडे जाते, व तिच्यातून दरवर्षीं सुमारें पांच लाख टन कच्चें तेल उत्तर कोरियाला मिळतें असें धरलें जातें. तिची चावी चीनकडे आहे. २००३ सालीं ती तीन दिवस बंद ठेवली गेली, कारण ‘यांत्रिक बिघाड’ असें सांगण्यांत आलें, अशी बातमी होती. थोड्याच दिवसांनीं उत्तर कोरिया बीजिंगच्या बैठकीला येऊन बसला. पण तीन दिवस निराळे आणि तीन महिने निराळे. आपली मराठी म्हण आहेच: धरलें तर चावतें, सोडलें तर पळतें.

आणि प्योंगयांगला हें सर्व ठाऊक आहे. आपण कोसळूं ही शेजाऱ्याची भीति हेंच तेथील राज्यकर्त्यांचें मुख्य भांडवल आहे, आणि त्यांनीं तें मोठ्या कौशल्यानें वापरलें आहे. ऑक्टोबर २००६ मध्यें पहिला अणुस्फोट करण्यापूर्वीं त्यांनीं चीनला केवळ वीसएक मिनिटें आधीं कळवलें. २०१३ च्या डिसेंबरांत तरुण किम जोंग-उन यांनीं आपलेच मावशी-काका म्हणावें तशा नात्यांतले, म्हणजे आत्याचे यजमान, चांग सोंग-थेक यांना देहांत शिक्षा दिली. चीनशीं व्यवहार पाहणारे ते प्रमुख गृहस्थ होते, आणि देशाची खनिजसंपत्ति मातीमोलानें विकली हाही त्यांच्यावरील एक आरोप होता. कोणाला विकली हें सांगण्याची गरज नव्हती. २०१७ च्या फेब्रुवारींत किम यांचे सावत्र बंधु किम जोंग-नाम यांचा क्वालालंपूरच्या विमानतळावर विषप्रयोगानें खून झाला. ते कित्येक वर्षें मकाव येथें चीनच्या छायेंत राहत होते. आणि त्याच वर्षीं ३ सप्टेंबरला, शी जिनपिंग हे श्यामेन येथें भारतासह पांच राष्ट्रांच्या परिषदेचे यजमान म्हणून उभे राहिले त्याच दिवशीं, उत्तर कोरियानें आपला सर्वांत मोठा स्फोट केला. त्याचा हादरा सरहद्दीपलीकडील चिनी शहरांत लोकांना जाणवला.

त्या वर्षीं चीन खरोखरच रागावला होता. त्यानें कोळशाची आयात थांबवली, आणि सुरक्षा समितींत एकामागून एक निर्बंधांना मत दिलें. डिसेंबरच्या ठरावानें शुद्ध केलेलें तेल वर्षाला पांच लाख पिंपांवर आणून ठेवलें. मात्र कच्चें तेल समूळ तोडूं दिलें नाहीं. पुढच्याच वर्षीं, मार्च २०१८ मध्यें, किम आगगाडींत बसून बीजिंगला गेले आणि त्यांचें थाटांत स्वागत झालें, कारण अमेरिकेचे अध्यक्ष ट्रंप त्यांना भेटावयास निघाले होते, आणि आपल्या दारांतलें बोलणें आपल्यावांचून व्हावें हें चीनला परवडणारें नव्हतें.

येथें एका गोष्टीकडे मी आपलें विशेष लक्ष वेधूं इच्छितों. जो प्रयोग करण्यास चीन तीस वर्षें भीत होता तो २०२० सालीं उत्तर कोरियानें स्वतःच करून दाखवला. करोनाच्या सांथीचें वर्तमान येतांच त्यानें जानेवारींत आपली सरहद्द बंद केली. २०१९ सालीं दोन्ही देशांचा व्यापार सुमारें २८० कोटि डॉलरांचा होता. २०२१ सालीं तो ३२ कोटींच्या आसपास उतरला, म्हणजे जवळजवळ नवव्या हिश्शावर. कोणत्याही निर्बंधांनीं इतकें साधलें नव्हतें. राज्य कोसळलें नाहीं. लोकांचे हाल झाले, बाजार ओस पडले, सरहद्दीवर कुंपणें वाढलीं आणि ओलांडूं पाहणाऱ्यांस गोळी घालण्याचे हुकूम सुटले. पण राज्य कोसळलें नाहीं.

यावरून कांहीं विद्वान असें म्हणतात कीं चीनची भीति खोटी होती, त्यानें खुशाल दडपण आणावें. मला हा निष्कर्ष पुरता पटत नाहीं. ज्या राज्यकर्त्यांना प्रजेची उपासमार हें आपलें मरण वाटत नाहीं, त्यांच्यावर उपासमारीचें दडपण आणून उपयोग तो काय? तें प्रजेवरच पडतें. पण त्याच न्यायानें, ‘राज्य कोसळेल’ हें कारण सांगून नदी उतरून आलेल्या बाईला पोलिसांच्या गाडींत घालून परत धाडणें, यालाही आधार उरत नाहीं. अणुबाँबच्या बाबतींत चीनचा हात अडकलेला आहे हें मी मान्य करतों. या बाबतींत तो मोकळा आहे. तिला अन्यत्र जाऊं देण्यास तेलवाहिनी बंद करावी लागत नाहीं.

अलीकडे या खेळांत जुना तिसरा गडी परत आला आहे. युक्रेनच्या युद्धामुळें रशियाला तोफगोळ्यांची गरज पडली आणि उत्तर कोरियाच्या कोठारांत ते भरपूर होते. जून २०२४ मध्यें पुतिन यांनीं प्योंगयांगला जाऊन परस्परसाहाय्याचा नवा तह केला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस उत्तर कोरियाचे हजारों शिपाई रशियाच्या कुर्स्क प्रांतांत लढावयास गेले. १९६१ सालच्या त्या पांच दिवसांची आठवण बीजिंगमध्यें अनेकांना झाली असेल. दोन सावकार पुन्हां मिळाले होते, आणि नातवानें आजोबांचीच रीत उचलली होती.

चीननें काय केलें? ३ सप्टेंबर २०२५ रोजीं, जपानवरील विजयाच्या ऐंशीव्या वर्षदिनाच्या संचलनासाठीं, किम यांना पुन्हां आगगाडीनें बीजिंगला बोलावलें, आणि शी जिनपिंग यांच्या एका हाताला पुतिन व दुसऱ्या हाताला किम असे ते तिघे चालत गेले. दुसऱ्या दिवशीं शी व किम यांची निराळी भेट झाली. २०१८ व २०१९ मधील त्यांच्या भेटींच्या वृत्तांतांतून, द्वीपकल्प अण्वस्त्रमुक्त करण्याचें ध्येय कोणत्या ना कोणत्या शब्दांनीं चीन नमूद करीत असे. २०२५ च्या भेटीचा जो वृत्तांत चीननें प्रसिद्ध केला त्यांत तो उल्लेख नव्हता.